४० मीटर बँडचा डायपोल ६ मीटरवरून १२ मीटरवर न्यावा का?

दारव्हा_शॅक
सर्वांना नमस्कार. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, असून ४० मीटर बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झच्या लहरींवर) बोलतो. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात माझे कवेलूचे घर आहे. अंगणातील लोखंडी पाइपवर ६ मीटर उंचीवर इन्व्हर्टेड व्ही पद्धतीचा (मध्य उंच, भुजा खाली उतरत्या) डायपोल, म्हणजे दोन भुजांची तारेची अँटेना, बांधला असून त्याची दोन्ही टोके कुंपणाजवळ जमिनीपासून जेमतेम दीड मीटरवर येतात. सकाळी नऊनंतर नागपूर, अमरावती आणि पुण्याची स्टेशने उत्तम मिळतात. मात्र संध्याकाळी दिल्ली किंवा कोलकात्याला माझा आवाज फार क्षीण पोहोचतो आणि पहाटे पाचला तर नागपूरही अजिबात ऐकू येत नाही. पाइप १२ मीटरपर्यंत वाढवल्यास या दोन्ही अडचणी दूर होतील का? शेजारच्या धुऱ्यावरून ११ केव्हीची वीजलाइन गेली आहे, हेही सांगून ठेवतो.

वर्धाकाठचा_हॅम
आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एक नाही, म्हणून त्या वेगळ्या कराव्या लागतील. पहाटे नागपूर न मिळण्याचा आपल्या पाइपशी काहीही संबंध नाही. नागपूर आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास असल्याने तेथे जाणारी लहर जवळजवळ सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतावी लागते, आणि रात्रभर सूर्यप्रकाश न मिळाल्याने तो थर इतका विरळ होतो की ७ मेगाहर्ट्झची उभी लहर परावर्तित न होता आरपार निघून जाते. त्या वेळी पाइप कुतुबमिनाराएवढा असला तरी नागपूर मिळणार नाही. त्यापेक्षा कमी वारंवारतेच्या ८० मीटर बँडवर यावे, नाहीतर सूर्य वर येण्याची वाट पाहावी.

दिल्ली-कोलकात्याचा प्रश्न मात्र उंचीचा आहे. ७.१ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर असल्याने आपला ६ मीटरवरचा डायपोल तरंगलांबीच्या सातव्या हिश्श्यावर आहे आणि त्याची बहुतेक शक्ती आकाशाकडे जाते. विदर्भ-मराठवाड्यासाठी हे फायद्याचेच आहे. दूरच्या स्टेशनांसाठी क्षितिजापासून तीसएक अंशांवर मुख्य झोत हवा असेल तर २१ मीटर उंची लागते, आणि ती खेड्यातल्या अंगणात कोणी उभारावी असे मी म्हणणार नाही. १२ मीटरवर गेल्यास कमी कोनांवर माझ्या हिशोबाने सुमारे ३ डेसिबलची वाढ मिळेल, म्हणजे एस-मीटरवर (संदेशाची ताकद दाखवणाऱ्या काट्यावर) अर्धा पॉइंट. जवळची स्टेशने त्यामुळे फारशी बिघडणार नाहीत.

एवढ्याच खर्चात दुसरा मार्ग सुचवतो. २० मीटर बँडवर (सुमारे १४ मेगाहर्ट्झ) साडेदहा मीटर ही उंची बरोबर अर्धी तरंगलांबी होते. त्याच फीड पॉइंटवरून (केबल जेथे अँटेनाला जोडते तेथून) सुमारे ५-५ मीटरच्या आणखी दोन तारा वेगळ्या दिशेने ताणल्या, तर त्याच खांबावरून दिवसा आणि संध्याकाळी दूरची स्टेशने कितीतरी सोपी होतील.

कापसाचे_वावर
वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त टोकांविषयी बोलतो. दीड मीटरवरचे टोक हे अँटेनाच्या दृष्टीनेही वाईट आणि बैलाच्या दृष्टीनेही. प्रसारण चालू असताना टोकांवर व्होल्टेज सर्वाधिक असते, त्यामुळे पोरेबाळे किंवा गुरे जेथे पोहोचतील तेथे ती ठेवू नयेत. निदान ३ मीटरवर न्यावीत आणि दोन्ही भुजांमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये. उंची बदलल्यावर एसडब्ल्यूआरचा (अँटेना किती जुळली आहे याच्या मापाचा) तळ दुसऱ्या वारंवारतेवर सरकतो, तेव्हा तार लगेच कापू नये, टोकाला दुमडून बांधावी. कापलेली तार जोडत बसण्याचा पराक्रम मी दोनदा केलेला आहे.

लाइनविषयी मात्र तडजोड नको. खांब कोणत्याही दिशेला पडला, किंवा दोरी तुटून दहा मीटरची भुजा वाऱ्यावर गेली, तरी ११ केव्हीच्या तारेपर्यंत पोहोचू नये इतके अंतर हवे. खांबाच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा कमी मी कधीच धरत नाही. जागा बसत नसेल तर उंची सोडावी. मृगाच्या आधीच्या वादळांत कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) पिन केवळ रिगमधून (रेडिओसंचातून) काढून टेबलावर ठेवणे पुरेसे नाही, केबल घराबाहेर टाकावी आणि खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्यावे. ढग गडगडू लागल्यावर हे करायला बाहेर जाऊ नये. आभाळ भरताच उरकावे.

टिनाखालचा_श्रोता
एक गोष्ट तपासून पाहावी. आपल्याला दिल्ली कशी ऐकू येते, हे आपण लिहिलेले नाही. माझ्याकडे गोंगाट एस-७ असायचा आणि मी महिनाभर अँटेनाला दोष देत होतो; शेवटी घराचा मेन स्विच बंद करून रिग बॅटरीवर चालवली, तेव्हा गोठ्यातील एका स्वस्त एलईडी दिव्याचा प्रताप उघड झाला. तो बदलल्यावर ऐकण्यात जो फरक पडला, तो पाइप वाढवूनही पडला नसता. पाठवलेल्या आवाजाचा क्षीणपणा अर्थात याने जाणार नाही.

दारव्हा_शॅक
आपण सर्वांचे आभार. आज सायंकाळी पावलांनी अंतर मोजले. सध्याच्या जागी १२ मीटरचा खांब लाइनच्या दिशेने पडला तर तारेला लागेल, म्हणून तो बेत सोडला आहे. घरामागे, कडुनिंबाच्या पलीकडे, १० मीटरचा खांब लाइनपासून सुमारे ३० मीटर दूर राहतो आणि ४० मीटरच्या दोन्ही भुजा लाइनला समांतर ताणता येतात. २० मीटरच्या तारा त्यांच्याशी कोन करून, पण धुऱ्याकडे न नेता बांधीन. तूर निघाल्याशिवाय तेथे पाय ठेवता येणार नाही. तोपर्यंत मेन स्विच बंद करून गोंगाट मोजतो आणि टोके बांबूवर चढवतो.