एफपीएससाठी कंट्रोलर, माउस की गायरो? कंट्रोल कसे लावावेत, सल्ला हवा

रात्रपाळी
एफपीएस, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघत खेळायचे गोळीबाराचे गेम, सुरू करायचेत. प्लेस्टेशन ५ आणि पीसी दोन्ही आहेत. पीसीवर काउंटर-स्ट्राइक २ आणि अपेक्स, कन्सोलवर क्रॉसप्लेचं (पीसी आणि कन्सोलवाले एकत्र खेळतात ते) कॉल ऑफ ड्यूटी असा बेत आहे. चार प्रश्न:
१) पीसीवर कंट्रोलर चालेल का, की माउसच शिकावा?
२) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे हात हलला की नजर किती वळते ते, कशी ठरवायची? प्रो खेळाडूंचे आकडे जसेच्या तसे घातले की नजर एकतर भिरभिरते नाहीतर वळतच नाही.
३) कंट्रोलरवर बटणांच्या मांडणीचे (लेआउटचे) डिफॉल्ट, टॅक्टिकल, बंपर जंपर असे पर्याय आहेत, यातलं कुठलं घ्यावं?
४) गायरोच्या, म्हणजे कंट्रोलरच हलवून नेम धरण्याच्या, नादी लागावं का?

नेमबाज
आकड्यांच्या आधी एक गोष्ट पक्की करा: माउस अंतर सांगतो, स्टिक (कंट्रोलरवरची अंगठ्याने ढकलायची दांडी) वेग सांगते. माउस पाच सेंटिमीटर सरकवला की नजर ठरावीक अंश वळते, हात थांबला की थांबते. स्टिक अर्धी ढकलली की नजर ठरावीक वेगाने वळतच राहते. किती वळायचं ते तुम्ही स्टिक किती वेळ धरता त्यावर ठरतं. शत्रू ३० अंश उजवीकडे दिसला तर माउसवर काम एका हालचालीत होतं. स्टिकवर ते दोन भागांत होतं, ढकलणं आणि अचूक क्षणी सोडणं, आणि नेम चुकतो तो बहुतेक वेळा सोडण्यात. कंट्रोलरला एम असिस्ट (नेमाला गेमची मदत) दिलेला असतो तो ही चूक भरून काढण्यासाठी.

यातून पहिल्या प्रश्नाचं उत्तर निघतं. काउंटर-स्ट्राइक २ साठी माउसच घ्या, दुसरा विचार नको. तिथे कंट्रोलरला एम असिस्ट नाही आणि पहिल्याच गोळीवर सगळं अवलंबून असतं. अपेक्स आणि कॉल ऑफ ड्यूटीत मात्र पीसीवरही कंट्रोलरला असिस्ट मिळतो, आणि जवळच्या चकमकीत त्याचं वजन मोठं आहे. कंट्रोलरची सवय असेल तर तिथे तो सोडायचं कारण नाही.

असिस्टचा एक बारकावा. त्याचे साधारण दोन भाग असतात. निशाणा शत्रूवरून जाताना वेग कमी करणारा एक, आणि शत्रू हलला की तुमची नजर थोडी त्याच्याबरोबर ओढणारा दुसरा. बऱ्याच गेममध्ये हा दुसरा भाग तुम्ही स्वतः हालचाल करत असतानाच लागू होतो. त्यामुळे उभं राहून नुसती उजवी स्टिक फिरवणाऱ्याला "असिस्ट लागतच नाही" असं वाटतं. गोळी झाडताना डाव्या स्टिकने सतत डावी-उजवी चाल ठेवा.

सेमी_३६०
दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो. प्रोचा नुसता सेन्सिटिव्हिटी आकडा निरर्थक आहे, कारण त्याचा डीपीआय (माउस एक इंच सरकला की तो किती काउंट, म्हणजे हालचालीचे किती टप्पे, पाठवतो) वेगळा असतो. तुलना करायची ती एका पूर्ण गिरकीला, म्हणजे ३६० अंशांना, माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो त्याची.

काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसचा एक काउंट नजर ०.०२२ अंश वळवतो. ३६० ला ०.०२२ ने भागा, १६,३६४ काउंट. माउस ८०० डीपीआयचा असेल तर भागिले ८००, म्हणजे २०.४५ इंच, म्हणजे जवळपास ५२ सेंमी. ४०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी २ केली तरी तेच ५२ सेंमी. अपेक्सलाही हेच ०.०२२ चालतं, त्यामुळे हिपफायरचा (दुर्बीण न लावता नेम धरतानाचा) आकडा तिथे तसाच घाला. व्हॅलोरंटमध्ये एक काउंट ०.०७ अंशांचा असल्याने काउंटर-स्ट्राइकचा आकडा ३.१८ ने भागायचा.

सुरुवातीला काउंटर-स्ट्राइकसाठी ४० ते ५५ सेंमी ठेवा, अपेक्ससारख्या धावपळीच्या गेमला २५ ते ४०. त्यापेक्षा कमी ठेवलं तर दूरच्या डोक्यावर निशाणा थरथरतो. जास्त ठेवलं तर मागून आलेल्याकडे वळेपर्यंत पॅड संपतो.

आकडा घालण्याआधी हे करा, नाहीतर सगळं गणित वाया:
– विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद. ते चालू असलं की त्याच अंतराला हळू हात वेगळं फळ देतो आणि जलद हात वेगळं.
– गेममध्ये 'रॉ इनपुट' (माउसची हालचाल विंडोजच्या फेरफाराशिवाय थेट घेणं) असा पर्याय असेल तर चालू.
– पोलिंग रेट १००० हर्ट्झ. १२५ वर माउस दर ८ मिलिसेकंदांनी खबर देतो, १००० वर दर एका.
– डीपीआय ८०० किंवा १६००.

मग खात्री करून घ्या. सराव मैदानात भिंतीवरच्या एखाद्या खिळ्यावर निशाणा ठेवा, पॅडवर माउसच्या डाव्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि माउस सरळ उजवीकडे ओढत तोच खिळा पुन्हा निशाण्याखाली येईपर्यंत जा. पट्टीपासून माउसच्या डाव्या कडेपर्यंत मोजपट्टी लावा. हेच अंतर हळू आणि मग झटक्यात ओढून पाहा. दोन्ही वेळा खिळा एकाच जागी यायला हवा. येत नसेल तर कुठेतरी हाताच्या वेगानुसार फळ बदलणारं अ‍ॅक्सेलरेशन चालू राहिलंय.

रात्रपाळी
मोजलं, आधी १४ सेंमी होतं! आता ४५ वर आणलंय. पण स्कोप लावला की सगळं बदलल्यासारखं वाटतं, त्याचं काय?

सेमी_३६०
१४ वरून एकदम ४५ म्हणजे मनगटावरून कोपरावर जायचं. पॅड किमान ४० सेंमी रुंद हवा आणि कीबोर्ड थोडा तिरका करून डावीकडे सरकवा, नाहीतर माउस त्यावर आपटेल. पहिले काही दिवस नेम बिघडेल, आकडा बदलू नका.

स्कोपचं असं आहे की दृश्य मोठं होतं, त्यामुळे हाताची तीच हालचाल पडद्यावर जास्त अंतर कापते. काउंटर-स्ट्राइक स्वतः सेन्सिटिव्हिटी कमी करतं, पण दृश्यकोनाच्या सरळ प्रमाणात: ९० चे ४० अंश झाले म्हणून ०.४४ पट. निशाण्याजवळची हालचाल हुबेहूब सारखी वाटायला मात्र अर्ध्या कोनांच्या टॅन्जंटचं प्रमाण लागतं, ते येतं ०.३६४. ०.३६४ भागिले ०.४४४, म्हणजे ०.८२. झूम सेन्सिटिव्हिटीच्या जागी १ ऐवजी ०.८२ घाला. एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीच्या पहिल्या झूमला हे बरोबर बसतं.

अंगठेबहाद्दर
तिसरा प्रश्न. लेआउटची निवड एकाच कसोटीवर करा: उजवा अंगठा स्टिकवरून किती वेळा उठतो? उडी क्रॉसवर, खाली बसणं सर्कलवर, म्हणजे डिफॉल्टमध्ये ऐन चकमकीत अंगठा उठलाच. तो उठला की नेम धरायला काहीच उरत नाही.

टॅक्टिकलमध्ये बसणं किंवा घसरणं उजवी स्टिक दाबण्यावर येतं आणि जवळचा वार सर्कलवर जातो. कॉल ऑफ ड्यूटीत साध्या कंट्रोलरवर माझं मत यालाच, कारण घसरत गोळीबार सतत लागतो, वार क्वचित. बंपर जंपरमध्ये उडी डाव्या बंपरवर (कंट्रोलरच्या वरच्या कडेचं बटण) येते, ती उड्या मारत लढणाऱ्यांना बरी. दोन्ही एकत्र हवं असेल तर बंपर जंपर टॅक्टिकल आहे. मागे पॅडल (बोटांनी दाबायची जादा बटणं) असलेला कंट्रोलर असेल तर वाद मिटला: लेआउट डिफॉल्ट ठेवा, एका पॅडलवर उडी, दुसऱ्यावर बसणं. आणि काहीही घेतलं तरी सगळ्या गेममध्ये तेच ठेवा.

एकेक गोळीची बंदूक आवडत असेल तर ट्रिगर (बंपरखालचा घोडा) आणि बंपर आलटून पाहा, म्हणजे गोळी बंपरवर. बंपरचा प्रवास जेमतेम असतो, ट्रिगर बराच आत जातो. ड्युअलसेन्सचा (प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा) ट्रिगर इफेक्ट ऑनलाइन खेळताना बंदच करा. तो विरोध फक्त बोट थकवतो.

आता डेडझोन. बहुतेकांचा कंट्रोलर इथेच मार खातो. डेडझोन म्हणजे मध्यभागातली ती जागा जिथे स्टिक हलली तरी गेम दुर्लक्ष करतो. जास्त ठेवला तर बारीक सुधारणा पोहोचतच नाही, अंगठा थोडा ढकलला तर काही नाही आणि आणखी ढकलला तर निशाणा उडी मारतो. लावायची पद्धत:
उजव्या स्टिकचा डेडझोन शून्य करा. स्टिक पूर्ण डावीकडे ओढून एकदम सोडा, नजर सरकते का पाहा. मग उजवीकडे, वर, खाली तसंच. चारही बाजूंनी सोडणं महत्त्वाचं, कारण स्टिक दर वेळी नेमक्या त्याच बिंदूवर परतत नाही आणि एका बाजूने स्थिर वाटणारी दुसऱ्या बाजूने सोडल्यावर हळूच सरकते. सरकत असेल तर आकडा एकेकाने वाढवा. चारही बाजूंनी थांबली की त्यात एक मिळवा, बस.

डाव्या स्टिकचा वेगळा लावा. तिथे थोडा जास्त चालतो, आणि बाहेरचा डेडझोनही वाढवता येतो, म्हणजे स्टिक कडेला पोहोचायच्या आतच पूर्ण वेग मिळतो.

वक्राबद्दल, म्हणजे स्टिक किती ढकलली की किती वेग मिळतो त्याबद्दल, थोडक्यात. लिनिअरमध्ये ढकलाल तितका वेग. एक्स्पोनेन्शिअलमध्ये मध्याजवळ संथ आणि कडेला जलद. कॉल ऑफ ड्यूटीचा डायनॅमिक उलट्या इंग्रजी एस आकाराचा असतो आणि तिथे नवशिक्यापासून मुरलेल्यापर्यंत बहुतेकांना तोच मानवतो. डेडझोन ठरल्यावर वक्र, वक्र ठरल्यावर सेन्सिटिव्हिटी, हा क्रम उलटा केला की प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून.

डावरा
यात डावखुऱ्यांनी काय करावं? आणि 'लेगसी' नावाचा पर्याय दिसतो तो कशासाठी?

अंगठेबहाद्दर
डावखुऱ्यांसाठी साउथपॉ. त्यात दोन्ही स्टिकची कामं अदलाबदल होतात, नजर डावीकडे आणि चाल उजवीकडे. पण आधी तपासा: डिफॉल्टवर नेम ठीक बसत असेल तर बदलू नका. डाव्या हाताने लिहिणारे बरेच जण डिफॉल्टवरच सरावलेले असतात. साउथपॉत उडी-बसणं आपोआप सोपं होतं, कारण नजरेचा अंगठा बटणांपासून लांब असतो.

लेगसी म्हणजे एकच स्टिक असण्याच्या काळाचा वारसा. १९९७ च्या गोल्डनआय ००७ मध्ये निन्टेंडो ६४ च्या एकुलत्या स्टिकने पुढे-मागे चालायचं आणि वळायचंही, बाजूला सरकणं पिवळ्या सी बटणांवर. लेगसीत तेच दोन स्टिकवर वाटलेलं आहे: डावीने पुढे-मागे आणि वळणं, उजवीने बाजूला सरकणं आणि वर-खाली बघणं. आजची रूढ मांडणी २००० साली प्लेस्टेशनच्या एलियन रेझरेक्शनमध्ये होती, पण ती घरोघर पोचली २००१ च्या हेलोनंतर. नव्याने शिकणाऱ्याने लेगसीकडे वळू नये. नेमाची आडवी आणि उभी हालचाल दोन वेगळ्या अंगठ्यांत विभागली जाते.

नेमबाज
@डावरा, पीसीवर माउस डाव्या हातात घेणार असाल तर दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस घ्या आणि चाल डब्ल्यूएएसडीऐवजी आयजेकेएलवर लावा. बाणांच्या कळांभोवती बंदूक भरायला, बसायला पुरेशा कळा उरत नाहीत.

मनगट_मोकळं
गायरो. माझं उत्तर ठाम हो आहे, जिथे गेम तो नीट देतो तिथे. कारण नेमबाजांनी वर सांगितलंच: गायरो माउससारखा अंतर सांगतो. कंट्रोलर पाच अंश वळवला, नजर त्या पटीत वळली, हात थांबला, नजर थांबली. मोठं वळण स्टिकने, शेवटची सुधारणा मनगटाने, असं काम वाटून घ्या.

ड्युअलसेन्स, ड्युअलशॉक ४, स्विचचा प्रो कंट्रोलर आणि स्टीम डेकमध्ये गायरो आहे. एक्सबॉक्सच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये नाही. फोर्टनाइटने २०२२ मध्ये गायरो आणि फ्लिक स्टिक दोन्ही दिलं. फ्लिक स्टिकमध्ये उजवी स्टिक ज्या दिशेला ढकलाल तिकडे नजर एका झटक्यात वळते आणि वर-खाली सगळं गायरोवर.

सुरुवात अशी करा: गायरो फक्त एडीएस (बंदूक डोळ्याला लावून नेम) धरलेलं असताना चालू. सेन्सिटिव्हिटी कंट्रोलरच्या प्रत्यक्ष वळणाच्या पटीत असेल तर २ पासून. मनगट पुरत नसेल तर ४ पर्यंत. सगळा वेळ चालू ठेवायचा झाला तर एका बटणाला 'दाबलं की गायरो बंद' हे काम द्या. माउस उचलून मध्यावर आणतो तसं ते आहे, त्याशिवाय हात वाकडे होत जातात. नजर आपोआप सरकायला लागली तर कंट्रोलर टेबलावर स्थिर ठेवून कॅलिब्रेट करा, मांडीवर नाही.

पीसीवर स्टीम इनपुटमधून (स्टीम या गेमच्या दुकानातली कंट्रोलर जुळवायची सोय) गायरोला माउस बनवता येतं, पण इथे हमखास अडतं. काही गेम माउस आणि कंट्रोलर एकत्र घेत नाहीत. पडद्यावरची बटणांची चित्रं सारखी बदलत राहतात, चाल मधेच तुटते. मग सगळंच कीबोर्ड-माउस म्हणून लावावं लागतं आणि डावी स्टिक आठ दिशांपुरती उरते. एम असिस्टही जातो. स्टीम एका गिरकीचे काउंट विचारतो, तिथे वर काढलेला आकडा कामाला येतो: अपेक्समध्ये सेन्सिटिव्हिटी १ ला १६,३६४.

रात्रपाळी
कॉल ऑफ ड्यूटीसाठी कन्सोललाच माउस जोडला तर?

नेमबाज
गेम स्वतः परवानगी देत असेल तर यूएसबीत लावा आणि खेळा. कॉल ऑफ ड्यूटी देतो, पण एम असिस्ट मिळत नाही. माउसला कंट्रोलर असल्याचं भासवणारे अ‍ॅडॉप्टर मात्र घेऊ नका. ते असिस्टही लाटतात, म्हणून ती फसवणूक धरली जाते आणि खातं जाऊ शकतं. रेनबो सिक्स सीजने २०२३ पासून असे अ‍ॅडॉप्टर ओळखून त्यांच्यावर कारवाई सुरू केली. शिवाय त्यांच्यातून येणारी हालचाल शेवटी स्टिकच्या कमाल वेगाने बांधलेली असते, झटक्यात माउस ओढला तरी नजर मागे पडते.

कीबोर्डचंही एक. डावी-उजवी कळ एकत्र दाबली की आधीची आपोआप सोडणारी सोय काही कीबोर्डमध्ये आहे. काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर ऑगस्ट २०२४ पासून ती चालत नाही, सामन्यातून काढतात. कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करून ठेवा.

रात्रपाळी
डेडझोन तुमच्या पद्धतीने लावला, ४ वर थांबला. डाव्या स्टिकला मात्र १३ लागतोय आणि वरून सोडली की तरीही सरकते.

अंगठेबहाद्दर
मग तो डेडझोनचा प्रश्न नाही, स्टिक झिजलीय. ड्युअलसेन्समध्ये पोटेन्शिओमीटर (स्टिकची जागा मोजणारे भाग) असतात, आतली पट्टी घासली जाते आणि मध्यबिंदू हलतो. स्टिकच्या बुडाशी हवा मारून धूळ काढून पाहा, कधी त्याने काही आठवडे निघतात. खरा उपाय मॉड्यूल बदलणं. ड्युअलसेन्स एजमध्ये ते ओढून काढता येतं. साध्यामध्ये डिसोल्डर करावं लागतं, प्रत्येक मॉड्यूलला चौदा टाके, आणि बोर्ड पातळ असल्याने उष्णता जास्त झाली तर तांब्याची पट्टी उचलली जाते. हे काम हात बसलेल्याकडूनच करून घ्या. बदलताच आहात तर हॉल इफेक्टचं (चुंबकाने जागा मोजणारं) मॉड्यूल घाला, त्यात घासणारं काही नसतं. पण बसवल्यावर मध्यबिंदू कॅलिब्रेट केल्याशिवाय (नव्याने ठरवल्याशिवाय) कंट्रोलरचं कवच परत लावू नका, नाहीतर नवी स्टिकही पहिल्या दिवसापासून सरकेल.