प्रतिसाद: अ‍ॅडमिनची अटक आणि रात्रीच्या तक्रारी

वर एकांनी विचारलंय, सोसायटीच्या ग्रुपवर कुणी आक्षेपार्ह काही टाकलं तर अ‍ॅडमिन आत जाईल का? ही भीती फार ताणली गेलीय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच म्हटलंय की समान हेतू किंवा संगनमत नसेल, तर सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिन जबाबदार नाही. मात्र तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर दुसऱ्याचा मेसेज अ‍ॅडमिनला उडवता येत नव्हता, आता येतो. म्हणजे "माझ्या हातात काय आहे?" ही सबब गेली.

खरी डोकेदुखी वेगळीच. रात्री साडेअकराला पार्किंगवरून जुंपते आणि फर्मान येतं, "त्याला आत्ताच्या आत्ता काढा!" अशा वेळी एवढंच लिहायचं: "तक्रार पोचली काका, उद्या संध्याकाळपर्यंत बघून कळवतो." २०२१ चे केंद्र सरकारचे आयटी नियम आले तेव्हा बड्या सोशल मीडिया कंपन्यांनाही तक्रारीची पोच द्यायला २४ तास आणि निकाल लावायला १५ दिवस दिले होते. आपण तर फुकट फौजदार!

मेसेज उडवण्याआधी स्क्रीनशॉट ठेवा, नाहीतर "मी असं म्हणालोच नव्हतो" सुरू होतं. लिहिणाऱ्याशी बोलायचं ते खासगीत, जमलं तर फोनवरच. ग्रुपवर नाव न घेता एक ओळ पुरे: "कालचा एक मेसेज वैयक्तिक शेरेबाजीमुळे काढला." त्यावर चर्चा नाही.

'फक्त अ‍ॅडमिन' हे सेटिंग (ज्यात बाकीच्यांना लिहिताच येत नाही) मात्र जपून वापरा. दोन दिवस कुलूप राहिलं की बी विंगवाले वेगळा ग्रुप काढतात.