५ मिमी लॅपरोस्कोपिक ग्रास्पर: मूठ घट्ट दाबूनही ऊतक निसटते

प्रश्न: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ऊतक पकडणाऱ्या या लांब चिमट्याची नळी ५ मिमी, जबडा २० मिमी, दांडी ओढली की जबडा मिटतो. नमुना नवा असताना पकड ठीक होती. काही वापरांनंतर टोकाशी फट राहते. दात अधिक धारदार करावेत का?

उत्तर १: दातांना हात लावू नका, धारदार दात आतड्याला इजा करतील. आधी हिशोब पाहा. दांडीत १०० न्यूटन ओढ असेल तर प्रत्येक जबड्याला ५० मिळतात. जबडा ज्या पिनवर फिरतो तिच्यापासून ओढीची भुजा २ मिमी आणि टोक २० मिमीवर, म्हणजे टोकाशी, घर्षण सोडूनही, जेमतेम ५ न्यूटन. हेच गुणोत्तर ढिलाईला उलटे लागते: पिनच्या भोकात ०.०५ मिमी झीज झाली की टोकाशी ०.५ मिमी फट. भोके रीमरने (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार) पूर्ण करा, जबडा १७-४ पीएच (उष्णता देऊन कठीण करता येणारे स्टेनलेस) स्टीलचा घेऊन कठीण करा.

उत्तर २: सहमत. शिवाय जबडा मिटताना टोके आधी टेकायला हवीत, मुळाशी थोडी फट ठेवा. मूळ आधी टेकले तर पुढचा सगळा जोर तिथेच जिरतो आणि टोक उघडेच राहते. मुठीत प्रवासही शिल्लक हवा. मूठ थांब्याला टेकत असेल तर कितीही दाबा, दांडी आणखी ओढली जाणारच नाही. माझ्या मते पहिली तपासणी हीच.

उत्तर ३: नळीत धुण्यासाठी फ्लश पोर्ट आहे ना? सांध्यात वाळलेले रक्त १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) आणखी घट्ट बसते आणि जबडा पूर्ण मिटत नाही. मोजमापाआधी सांधा स्वच्छ करून घ्या.