मदत हवी आहे: सिगारेट सोडलेले सहकारी पुन्हा ओढू लागतात

तिढा: ऑफिसातल्या लोकांची सिगारेट सोडवायचं काम माझ्याकडे आलंय. पोस्टर लावली, डॉक्टरांचं व्याख्यान झालं, निकोटीन गमही वाटले. लोक सोडतात आणि लगेच पुन्हा सुरू. सोमवारी नवी तुकडी आहे. काय बदलू? लवकर सांगा.

पायवाट: लगेच म्हणजे कधी? निकोटीनची तलफ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असते, दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. तेव्हाच सुरू होत असेल तर डोस बघा, महिन्याने होत असेल तर जागा आणि सोबत. ओढतात कुठे?

तिढा: मागच्या दाराबाहेर, मीटिंग संपली की सगळे तिथेच. बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सुरू करतात.

मात्रा: मग डोसच. गम किती मिलिग्रॅमचे? उठल्यावर 30 मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागते त्याला 4, बाकीच्यांना 2. आणि चघळायचं कसं हे कुणी दाखवलं का? साध्या च्युइंगमसारखं सलग चघळलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस गम टाकून देतो. चरचर जाणवेपर्यंत सावकाश चावायचं, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. चरचर गेली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. आधी 15 मिनिटं कॉफी-सोडा नको, आम्लामुळे तोंडातलं शोषण घटतं. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला 24 च्या वर नाही. तलफेची वाट बघितली की उशीर होतो. गरोदर असेल किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर.

ठाम_मत: गम म्हणजे कुबड्या. मनाने ठरवून एकदम बंद करायची, बस.

मात्रा: एकदम बंद करणं बरोबरच आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ते हळूहळू कमी करण्यापेक्षा सरस ठरलं. पण तिथे दोन्ही गटांना निकोटीनचे पर्याय आणि समुपदेशन दिलं होतं. निव्वळ मनावर सोडलेलं नव्हतं.

जिनेवाला: लिफ्टपाशी पाटी लावा, जिन्याचा वापर वाढतो. आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हवाच.

पायवाट: व्यायामाचं त्यांनी विचारलेलं नाही. तिढा, तुकडी कशी निवडता?

तिढा: नावांच्या यादीवरून, सगळे विभाग मिसळून. त्याने काय फरक पडतो?

पायवाट: मोठा पडतो! अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात वर्षानुवर्षं ठेवलेल्या आरोग्याच्या नोंदींवरून क्रिस्टाकिस आणि फाउलर या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं, की लहान कंपनीत एका सहकाऱ्याने सोडली तर दुसऱ्याची ओढण्याची शक्यता 34 टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली तर 36 टक्क्यांनी. तुमचा गडी मात्र सोडल्यावर रोज त्याच दारापाशी, त्याच ओढणाऱ्या घोळक्यात उभा. एकत्र ओढणारे चौघे एकाच तुकडीत घ्या.

तिढा: हे जमेल. पण काही जण रोज ओढत नाहीत, मीटिंगनंतर कुणी दिली तरच. त्यांनाही 2 चा गम?

मात्रा: त्यांना सहसा गम लागत नाही, त्यांची सिगारेट माणसांना बांधलेली असते. 'मीटिंग संपली की पुढच्या दाराने बाहेर पडेन. कुणी पाकीट पुढे केलं तर "सोडली" एवढंच म्हणेन' असं ज्याचं त्याच्याकडून सोमवारीच लिहून घ्या. प्रसंग आणि कृती दोन्ही नेमकी हवीत, 'टाळायचा प्रयत्न करेन' लिहिलं तर कागद परत द्या.