होमस्टे : गावाने एका वेळी किती पाहुणे घ्यावेत?

रानवाट : आमचं डोंगरउतारावरचं ४० घरांचं गाव. १० घरं पाहुणे ठेवायला तयार आहेत. पाण्याला एकच झरा, सरपण गावच्याच रानातलं. समितीत कोणी म्हणतं ३० पाहुणे, कोणी म्हणतं १०. आकडा ठरवायचा कशावरून? आणि पैसा १० घरांतच राहिला तर बाकीची ३० रान का राखतील?

पाणलोट : खाटा मोजू नका, झरा मोजा, तोही सर्वांत कोरड्या महिन्यात. तोंडाशी चिकणमातीचा बांध घालून सगळी धार एका पाइपातून काढा, बाजूने झिरपलं तर माप कमी येतं. १० लिटरची बादली, मोबाइलचं स्टॉपवॉच, तीन मापांची सरासरी. समजा बादली ५० सेकंदांत भरली. मिनिटाला १२ लिटर, म्हणजे दिवसाला १७,२८०. यातून गावातल्या २०० माणसांचे माणशी ५५ प्रमाणे ११,००० आणि ६० गुरांचे ४० प्रमाणे २,४०० वजा करा. उरले ३,८८०. त्यातला तिसरा हिस्सा ओढ्याला सोडा. राहतात २,५८० च्या आसपास. चादरी-टॉवेल धुण्यासकट पाहुण्यामागे १२० लिटर धरले तर २१ माणसं होतात. २० वर थांबा. मात्र टाकी नसेल तर रात्रीची धार वाहून जाते, आणि मग गावालाच पुरत नाही.

मातीकाम : पाणी आलं की सांडपाणी आलंच, आणि गडबड बहुधा तिथेच होते. दोन खड्ड्यांच्या संडासात एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यातला मैला निदान एक वर्ष, शक्यतो दोन, पडून राहिला तरच हात लावण्याजोगा होतो. हे खड्डे पाच-सहा माणसांच्या घराचं माप धरून काढलेले असतात. पाहुणे वाढले की दुसराही लवकर भरतो आणि पहिला कच्चाच उपसावा लागतो. पाहुण्यांसाठी वेगळी जोडी काढा, झऱ्यापासून किमान ३० मीटर लांब आणि खालच्या अंगाला. भेगाळ कातळ असेल तर ३० मीटरवरही विसंबू नका. भेगांतून पाणी न गाळताच पळतं. स्वयंपाकघराच्या पाण्याला शोषखड्ड्याआधी तेल अडवणारी छोटी टाकी हवी, नाहीतर खड्डा तुंबतो.

हिशेबनीस : गावनिधी, म्हणजे पाहुण्यांच्या पैशातला सगळ्या गावाचा वाटा, नफ्याच्या टक्क्यांत ठेवू नका, नफा लपवता येतो, माणसं लपत नाहीत. दर पाहुण्यामागे, दर रात्रीमागे ठरावीक रक्कम, बुकिंग होतानाच कापलेली. बुकिंग एकाच ठिकाणी आणि घरांना पाळी लावून. पाहुण्याला घर निवडू दिलं की रस्त्यालगतची दोन-तीनच घरं भरतात अन् भांडणं सुरू. रानराखण, वाटाड्याचं काम, भाजी-दूध पुरवणं ही कामं आधी उरलेल्या ३० घरांना द्या. खात्यावर दोन सह्या, आणि दरमहा हिशेब गावासमोर वाचून दाखवायचा.

रानवाट : आणि सरपण?

पाणलोट : आंघोळीचं पाणी चुलीवर तापवणं बंद करा, मोठी बचत तिथे आहे. सौर बंब घ्या, स्वयंपाक गॅसवर. नेपाळमध्ये १९८६ साली सुरू झालेल्या अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्पात वरच्या भागातल्या लॉजना लाकूड बंद करून रॉकेल सक्तीचं केलं होतं, त्यासाठी रॉकेलचा साठाही तिथे उभा केला. पर्याय हाताशी नसताना बंदी घातली तर तोड रात्री होते.

मातीकाम : २० च्या आकड्यात मुक्कामी पाहुणेच आले. दिवसभर फिरून जाणारे वेगळे मोजा. तेही संडास वापरतात, वाट तुडवतात आणि निधीत काही टाकत नाहीत. त्यांना वाटेच्या तोंडाशीच पावती लावा.