नॅस्ट्रान सोल १११ (मोड वापरून कंपनाचा प्रतिसाद): स्क्रॅच (तात्पुरत्या फायलींची) डिस्क भरून रन पडतोय

बॉडीशॉप:
बसच्या बॉडीचं मॉडेल, २० लाख नोड (मेशचे बिंदू), बहुतेक शेल (पातळ पत्र्याचे घटक). नॅस्ट्रान, ५०० फ्रिक्वेन्सी, एक लोडकेस. रात्री लावलेला जॉब पहाटे डिस्क भरून पडतो. एसएसडी १ टीबीची. साहेब म्हणतात मेश जाड कर. करू का?

रेझोनन्स:
मेशला हात लावू नका, आधी हिशेब करा. २० लाख नोड गुणिले ६ (प्रत्येक नोडच्या सरकण्या-फिरण्याच्या सहा दिशा) म्हणजे १.२ कोटी आकडे, प्रत्येकी ८ बाइट. एक मोड (कंपनाचा एक नैसर्गिक आकार) ९६ एमबी. प्रतिसाद कॉम्प्लेक्स, म्हणजे प्रत्येक जागी दोन आकडे, म्हणून एका फ्रिक्वेन्सीला १९२. गुणिले ५००, झाले ९६ जीबी, तेही फक्त डिस्प्लेसमेंटचे. स्ट्रेस 'ऑल' मागितलाय ना? मग डिस्क बिचारी काय करणार! ड्रायव्हरची सीट, स्टिअरिंग, इंजिन माउंट यांचे मोजके नोड सेटमध्ये घाला, तेवढंच मागा. अख्खी बस हलताना दाखवायची हौस साहेबांना असते, त्यासाठी चार पीक फ्रिक्वेन्सींचा वेगळा रन.

जुनाखोंड:
जॉब मेला की त्याच्या स्क्रॅच फायली तशाच पडून राहतात. आधी त्या पुसा. आणि स्क्रॅच नेटवर्क ड्राइव्हवर टाकू नका, जागा मिळेल पण रन रांगेल.

बॉडीशॉप:
मोडही कमी करू का? सध्या ४०० हर्ट्झपर्यंत काढतोय, प्रतिसाद हवाय १०० पर्यंत.

रेझोनन्स:
२०० हर्ट्झपर्यंतचे पुरेत. रेसिड्युअल व्हेक्टर (गाळलेल्या वरच्या मोडांची भरपाई) मात्र चालू ठेवा.