तोंडी जामीन राहिलेल्या माणसाला कायद्याने बांधावं का?

धागाकर्ता, अशोक चौक
"मी आहे ना, द्या त्याला सूत." या एका वाक्यापायी आमच्या वडिलांनी दोन वर्षं दुसऱ्याची उधारी फेडली. मित्राचे माग बंद पडले, तो सोलापूर सोडून गेला आणि सुताचा व्यापारी आमच्या दारात आला. वडील म्हणत, मी फक्त ओळख दिली होती. व्यापारी म्हणे, तुम्ही जामीन राहिलात.

आपल्या 1872 च्या करार कायद्यातलं कलम 126 म्हणतं, हमी तोंडी असो वा लेखी, चालते. इंग्लंडमध्ये 1677 पासून हमीला लेखी पुरावा आणि सही लागते. त्या जुन्या कायद्यातल्या बऱ्याच अटी 1954 मध्ये काढल्या, ही मात्र ठेवली. ज्याला व्यवहारातून दमडी मिळत नाही, त्याच्या गळ्यात कर्ज घालायचं तर निदान त्याची सही तरी घ्या. आपल्याकडेही ही सक्ती हवीच.

यंत्रमागधारक, पूर्व भाग
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, पण मागणी पटत नाही. आमच्याकडे टॉवेलची ऑर्डर, सुताची उधारी, कामगाराची उचल, सगळं शब्दावर चालतं. कागद नाही तर दावाच नाही, असं ठरलं की शब्द फिरवणाऱ्याचं फावलं.

आणि 1677 चा दाखला आज कशाला? तेव्हा तिथे वादी-प्रतिवादींना स्वतःच्या खटल्यात साक्षच देता येत नव्हती. आज दोघांची उलटतपासणी होते. शिवाय आमच्या भागात कित्येक घरांत तेलुगू बोलतात, आणि स्टँप पेपरवरची वकिली मराठी तर मराठी माणसालाही कळत नाही. न वाचता केलेल्या सहीने तुमचे वडील वाचले असते का?

धागाकर्ता
उलटतपासणीपर्यंत पोचायला वकिलाची फी आणि तारखा लागतात. वडिलांना ते झेपलं नाही, म्हणून त्यांनी मुकाट्याने पैसे दिले. आणि स्टँप पेपर कोण मागतंय? "अमुक रकमेपर्यंत मी जबाबदार" एवढं व्हॉट्सॲपवर आलं तरी पुरे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ इलेक्ट्रॉनिक करार मानतं.

दिवाणी वकील, सोलापूर
आपल्या कायद्याला लेखी अट नवीन नाही. मुदत उलटून गेलेलं कर्ज फेडण्याचं वचन लेखी आणि सहीचंच लागतं, करार कायद्याच्याच कलम 25 मध्ये आहे. माझ्या मते कागद हवा की नको यापेक्षा तो नसल्याचा फटका कोणाला बसतो, ते पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने तो केला नाही, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यातही तसंच. लेखी ठरलं असेल तर खरेदीदाराला जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे. टॉवेलवाल्यांनी हे पाठ करून ठेवावं.

यंत्रमागधारक
हे पटतं. उधार देणारा व्यापारी वहीत लिहितोच, मग जामिनाची सही घेणं त्याच्यावर टाका. पण कामगाराच्या मजुरीला ही अट लावू नका. त्याच्याकडे मालकाचा कागद कुठून येणार?

धागाकर्ता
मजुरीला कधीच नको. माझं म्हणणं जामिनापुरतंच आहे, आणि त्यातही रकमेचा आकडा लिहिलेला हवा. वडिलांना तो शेवटपर्यंत कोणी सांगितला नव्हता.